बर्फाला सावली देणारं जंगल

१८२८ साली सायबेरियातल्या याकुत्स्क गावात शेर्गिन नावाच्या एका कंपनी-कारभाऱ्यानं विहीर खणायला घेतली. पाणी लागेना, लागत होती ती गोठलेली माती. नऊ वर्षांत खोली ११६ मीटरवर पोचली, तरी तळाशी माती दगडासारखी घट्टच. पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं याच कोरड्या विहिरीत वेगवेगळ्या खोलींवर तापमानं मोजली. जमीन इतक्या खोलवर बारा महिने गोठलेली असू शकते, याचा तो पहिला ठोस पुरावा ठरला. आज अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सायबेरियात ती कित्येक ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे.

आणि तिच्यावर जंगल उभं आहे! तेही थोडंथोडकं नाही. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि रशिया असा उत्तर गोलार्धाला वेढा घालणारा सूचिपर्णी वृक्षांचा जो पट्टा आहे, त्या तैगाचाच हा पूर्वेकडचा भाग. जगातल्या एकूण जंगलापैकी जवळपास एक तृतीयांश या पट्ट्यात आहे. पण पूर्व सायबेरियातल्या भागाचं कोडं वेगळंच. याकुत्स्कला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पडतं जेमतेम २४० मिलिमीटर पाणी. आपल्या माणदेशासारख्या दुष्काळी टापूतही याहून जास्त पाऊस होतो. एवढ्या पाण्यावर खुरटं गवत उगवावं, फार तर झुडपं. मग ही मैलोन् मैल झाडी जगते कशावर?

या झाडीत सगळ्यांत जास्त आहे तो लार्च. पाइन आणि स्प्रूसचाच हा भाऊबंद, पण घराण्याची रीत मोडणारा. बाकीचे हिवाळाभर हिरवे राहतात, तर लार्च सप्टेंबरात सोनेरी होतो आणि सगळ्या सुया झाडून टाकतो. त्याआधी सुयांमधलं नायट्रोजनसारखं मोलाचं द्रव्य खोडाफांद्यांत ओढून घेतो. त्यामागे हिशेब आहे. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळत नाही. अशा वेळी ऊन आणि कोरडा वारा सुयांतलं पाणी पळवू लागला, तर झाड बर्फात उभं राहून तहानेनं मरेल. सुयाच नसल्या की तो धोका बराच टळतो. रशियातल्या तैमीर द्वीपकल्पावर ७२ उत्तर अक्षांशाच्याही वर, आर्क्टिक वृत्ताच्या कितीतरी पुढे, लार्चचंच जंगल आहे.

पण सुया टाकल्या तरी खोड, फांद्या, कळ्या थंडीतच असतात. याच भागातल्या वेर्खोयान्स्क गावात उणे ६७ अंशांखालच्या थंडीची नोंद आहे आणि त्याच गावात २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला होता. शंभराहून अधिक अंशांचं हे अंतर जिवंत पेशी कशा सोसतात? पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले, तर ती फाटते. म्हणून थंडी वाढू लागली की झाड पेशीतलं पाणी बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत जाऊ देतं. बर्फ होतो तो तिथं, बाहेर. आत उरतो शर्करेनं दाट झालेला द्रव, जो गोठत नाही; अतिथंडीत तो काचेसारखा घट्ट होतो, पण स्फटिक होऊ देत नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं, की हिवाळ्याला सरावलेल्या काही झाडांच्या डहाळ्या आधी हळूहळू गोठवल्या आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्या, तरी त्या जिवंत राहतात. पृथ्वीवर कुठंच न पडणारी थंडी झाडं सोसू शकतात!

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. त्याचं उत्तर शेर्गिनला हुलकावणी देणाऱ्या त्या गोठलेल्या मातीतच आहे. उन्हाळ्यात जमिनीचा फक्त वरचा थर वितळतो, बहुतेक ठिकाणी मीटर-दीड मीटर. त्याखालचा बर्फ पाणी झिरपू देत नाही. म्हणजे जे थोडं पाणी पडतं आणि वितळतं, ते मुळांच्या टप्प्यातच अडून राहतं. पर्माफ्रॉस्ट नसता, तर हे पाणी केव्हाच खोल निघून गेलं असतं.

जंगल या उपकाराची फेड करतं. झाडांची सावली, खाली शेवाळाची गादी आणि सुयांचा पाचोळा यांमुळे उन्हाळ्याची ऊब खाली पोचत नाही. जमिनीतला बर्फ टिकतो तो या पांघरुणामुळे. बर्फ झाडांना पाणी पुरवतो, झाडं बर्फाला सावली देतात. दोघांपैकी एकाला हात लावला, की दुसरा डळमळतो.

हे किती खरं आहे, ते सायबेरियातल्याच बातागाय गावाजवळ उघड्यावर दिसतं. विसाव्या शतकात तिथं जंगलाचा एक तुकडा साफ केला गेला. सावली गेली, बर्फ वितळला, जमीन खचली. आज तिथं सुमारे किलोमीटरभर लांबीचं भगदाड आहे आणि ते अजून वाढतंय. त्याच्या कड्यात उघडी पडलेली सर्वांत जुनी गोठलेली माती साडेसहा लाख वर्षांपूर्वीची असल्याचा अंदाज आहे. शिवाय उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशात सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन हवेत जातात. म्हणूनच इथला वणवा जास्त घातक: त्यात नुसती झाडं जळत नाहीत, बर्फ राखणारं शेवाळाचं पांघरूणही जातं.

तरी प्रत्येक वितळणं म्हणजे नाश नव्हे. हिमयुग सरल्यावर इथं बर्फ वितळून जागोजाग खोलगट कुरणं तयार झाली. इथले साखा लोक त्यांना अलास म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांनी आपले घोडे आणि गायी याच कुरणांच्या गवतावर पोसल्या. पण ती कुरणं घडायला शेकडो-हजारो वर्षं लागली. तेवढ्या काळात जंगलाला आणि माणसांना सावरायला सवड मिळाली. आताची ऊब तेवढी सवड द्यायला तयार नाही. म्हणून तैगा वाचवायचा तर झाडं किती उरली एवढंच पाहून भागणार नाही. त्यांच्या मुळांखालची जमीन दर उन्हाळ्यात किती खोल वितळते, तेही मोजत राहावं लागेल.