जतचा वस्ताद आणि सांगलीचा शिष्य



सातारा-सांगलीचें नांव निघालें कीं कुस्तीचे आखाडे व तेथील वस्तादांचा दरारा डोळ्यांपुढें उभा राहतो. वस्तादावांचून मल्ल घडत नाहीं, हें त्या मुलखांत कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु क्रिकेटच्या इतिहासांतही एक गुरुशिष्यांची जोडी त्याच मातीशीं निगडित आहे. गुरूनें शिष्यास नेमकें काय द्यावें, या प्रश्नाचें उत्तर तिच्या हकीकतींत सांपडतें.

शिष्य म्हणजे विजय हजारे. ते ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस एका शिक्षकाच्या घरीं जन्मले. गुरु मात्र सातासमुद्रांपलीकडचा. क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं त्याला पहिला कसोटी सामना मिळाला; तरीही कसोटींत दोनशें बळींचा टप्पा सर्वांच्या आधीं त्यानेंच गांठला. १९३६ सालीं त्याची कसोटी कारकीर्द संपली आणि पुढें जतच्या संस्थानिकांनीं त्याला शिक्षक म्हणून बोलाविलें. जत हें त्या वेळीं सातारच्या जहागिरींपैकीं एक संस्थान. आज तो सांगली जिल्ह्यांतील तालुका आहे. देवासच्या महाराजांच्या आश्रयास असलेले तरुण हजारे या ग्रिमेटच्या हाताखालीं शिकले.

हजाऱ्यांची उभें राहण्याची ढब पाहून एखादा पुस्तकी शिक्षक अस्वस्थ झाला असता. दोन्ही पॅडांमध्यें बॅट धरून ते चेंडूची वाट पाहत. शिकवणीनंतरही ही ढब कायम राहिली, यांतच गुरूचें शहाणपण दिसतें. डोळा, हात व पाऊल यांचा मेळ एकदां बसला म्हणजे केवळ डौलासाठीं तो मोडणें घातक ठरतें. चांगला वस्ताद मल्लाची अंगकाठी बदलूं पाहत नाहीं. तिला साजेसा डाव शिकवितो. शिवाय ग्रिमेट स्वतः गोलंदाज, आणि हजारेही गोलंदाजी करीत. चेंडू बोटांतून कसा सुटतो व कोठें चकवितो, हें ज्यानें गोलंदाजाच्या बाजूनें जाणलें, त्याला बॅट हातीं असतांना अर्धें उत्तर आधींच ठाऊक असतें.

या शिदोरीचा बहर १९४३ सालच्या मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत दिसला. ‘रेस्ट’ संघातर्फे हजाऱ्यांनीं मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यांत हिंदु संघाच्या विजय मर्चंटांनीं नाबाद २५० करून त्यांना मागें टाकलें. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत हजाऱ्यांच्या ५९. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ त्यांच्या एकट्याच्या! बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धावांची भर घातली. तींत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. इतकें होऊनही सामना एक डाव व ६१ धावांनीं गेला.

पुढें जानेवारी १९४८ मध्यें, तेहेतिशीच्या उंबरठ्यावर, हजारे ॲडलेडच्या मैदानावर उतरले. ॲडलेड म्हणजे ग्रिमेटचेंच गांव. लिंडवॉल आणि मिलर यांच्या वेगवान माऱ्यापुढें त्यांनीं ११६ व १४५ धावा काढल्या. एकाच कसोटींत दोन्ही डावांत शतकें करणारे ते पहिले भारतीय ठरले. येथेंही भारत एक डाव व १६ धावांनीं हरला.

फुलोरा कोणी शिकवूं शकत नाहीं. तो येतो आणि जातो. भोंवतालचे गडी एकामागून एक पडत असतां स्वतःच्या पद्धतीवरचा विश्वास ढळूं न देणें, हें मात्र शिकवितां येतें. ज्याच्या पद्धतीचा गुरूनें मान राखला, त्यालाच तो विश्वास लाभतो.

या ऋणाची फेड कशी होते? १९५२ सालीं लीड्स येथें कप्तान हजारे खेळावयास आले, तेव्हां भारताचे तीन गडी ४२ धावांत बाद झालेले होते. समोर वीस वर्षांचा विजय मांजरेकर. दोघांनीं मिळून २२२ धावा जोडल्या. हजारे ८९ वर बाद झाले आणि मांजरेकरानें १३३ धावा करून आपलें पहिलें कसोटी शतक पुरें केलें. तोही सामना भारतानें गमावला. पण पुढील पिढीचा एक फलंदाज त्या दिवशीं उभा राहिला. गुरूचें ऋण गुरूस परत करावयाचें नसतें. तें पुढच्या हातीं द्यावयाचें असतें. आपल्या घरांत व शाळेंत मुलांची प्रत्येक वेगळी ढब सुधारण्यास निघण्यापूर्वीं जतच्या त्या वस्तादाचें स्मरण व्हावें, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतों.