कुणाचा रं तू?

पलूसच्या एसटी स्टँडवर उतरून चार पावलं चाललं, की पारावरचा एखादा म्हातारा हमखास हटकतो, "कुणाचा रं तू?" आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "कुठल्या आळीचं?" तिसऱ्या उत्तराला त्याचा चेहरा उजळतो. "म्हंजे तू तात्याच्या थोरल्या लेकीचा!" कागद नाही, शिक्का नाही, फोटो नाही. तीन प्रश्नांत माणसाची खातरजमा झाली.

माझ्या भाच्याला याच प्रश्नानं तेवीस दिवस छळलं. विचारणारं होतं खेळ विकणारं एक ऑनलाइन दुकान. सात वर्षं तो तिथून खेळ घेत आला होता. ओवाळणीचे पैसे, पुढे कॉलेजात गेल्यावर द्राक्षांच्या हंगामात पेट्या भरून मिळवलेली रोजंदारी, सगळं त्या एका खात्यात जिरलेलं. एका सकाळी खातं उघडेना. कुणीतरी पासवर्ड बदलला होता, ईमेलही बदलला होता. दुकानाला लिहिलं, तर उत्तर आलं, "खातं तुमचंच आहे हे सिद्ध करा." खातं उघडताना दिलेला पहिला ईमेल कोणता? पहिली खरेदी कधीची? ज्या कार्डानं पैसे भरले त्याचे शेवटचे चार आकडे? खरवडून कोड काढायचं कार्ड वापरलं असेल तर त्याचा फोटो?

पहिलं कार्ड वडिलांचं. त्याची मुदत संपून नवं आलं, नव्याचे आकडे वेगळे. कोडचं कार्ड भिलवडीच्या एका मोबाइलच्या दुकानातून घेतलेलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा त्या दुकानातल्या वह्या-पावत्यांचा चिखल झाला. खात्याला जोडलेला पहिला मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्याच कुणाच्या खिशात गेलेला. पोरगं रडकुंडीला आलं.

"मामा, मी आधार कार्ड पाठवतो म्हणालो तर नको म्हणत्यात. तुमचं नाव खरं असंल, पण खातं तुमचं हाय हे त्यातनं कळत न्हाई, असं लिहिलंय."

त्याला ही शुद्ध आडमुठेपणाची कमाल वाटली. मलाही आधी वाटली. मग ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि जितका विचार केला तितका मी थक्क होत गेलो, कारण ते वाक्य अक्षरशः खरं होतं. दुकानाला माझा भाचा कधी दिसलाच नव्हता. त्याच्या दप्तरी होता एक ईमेल, एक पासवर्डची खूण, काही पैशांच्या नोंदी. नाव विचारलं होतं, पण तपासलं नव्हतं. मग आज आधारवरचं नाव जुळवायचं कशाशी? पारावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात अख्खं गाव साठवलेलं असतं, म्हणून त्याला तीन प्रश्न पुरतात. यंत्राला शेजारपाजार नसतो. त्याच्यापाशी एवढंच असतं, जे आपण पहिल्या दिवशी त्याच्या हातात ठेवलं.

आणि म्हणूनच ते पहिल्या गोष्टी विचारतं. चोराच्या हाती खात्याची आजची अवस्था असते: चालू ईमेल, चालू पासवर्ड. सात वर्षांपूर्वीची सुरुवात त्याच्या हाती सहसा लागत नाही. आता जो दावा करतोय त्याला मुळापाशी नेऊन उभं करायचं, ही ती युक्ती.

ही युक्ती संगणकवाल्यांची नव्हे. आपल्या सातारा-सांगलीकडच्या मातीत ती शेकडो वर्षं रुजलेली आहे. पाटीलकीच्या वतनावर दोघांनी हक्क सांगितला, की गोतसभा भरायची. दोन्ही पक्षांना आपापली तकरीर, म्हणजे कैफियत, लिहून द्यावी लागे, आणि ती सुरू होई मूळपुरुषापासून. आज जमीन कोण कसतो एवढ्यावरच निकाल लागत नसे. वतन मुळात कुणाला मिळालं, मग कुणाकडून कुणाकडे आलं, ही साखळी जो न तुटता सांगेल तो खरा. शेवटी निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई आणि त्याखाली जमलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं. अक्षर न येणारा माणूसही आपल्या अवजाराच्या चित्रानं साक्ष देई. पुरावा अगदीच तुटला तर रवादिव्य: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं उचलायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचा. हात भाजला तर दावा खोटा. भाच्याला दुकानाचे प्रश्न दिव्यासारखे वाटले हे मला समजतं, पण त्याचा हात तरी शाबूत राहिला.

त्या जुन्या कागदांतली आणखी एक करामत मला फार आवडते. पत्राचा मजकूर जिथं संपला तिथंच मोर्तबाचा शिक्का मारत, म्हणजे मागाहून कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. लांब कागद हवा असेल तर कागदाच्या पट्टीला पट्टी, म्हणजे बंदाला बंद, डकवत आणि पाठीमागून नेमक्या सांध्यावर शिक्का उमटवत. मधला बंद कुणी बदलला, तर अर्धा शिक्का इकडे आणि अर्धा तिकडे, जुळणारच नाही. आजची डिजिटल सही तेच काम गणितानं करते: मजकुरातलं एक अक्षर हललं तरी सही जुळत नाही.

नुसत्या चेहऱ्यावर विसंबलं तर काय होतं, तेही मराठी माणसानं पाहिलं आहे. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवराव भाऊ पानिपतावर पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. अशात एक तोतया उभा राहिला, मीच भाऊ म्हणाला. रत्नागिरीला कैदेत असलेला हा माणूस १७७६ मध्ये सुटला, किल्ले आणि फौज त्याच्या मागे गेली. अखेर तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याला देहदंड मिळाला. एका माणसाच्या नावाचं खातं दुसऱ्यानं बळकावलं, तर राज्य हादरतं, एवढी मोठी ही गोष्ट आहे.

मग यंत्र आपली ओळख ठेवतं तरी कशी? भाच्याला मी गुऱ्हाळाचं उदाहरण दिलं. ऊस चरकातून गेला की रस निघतो. रसापासून पुन्हा ऊस बनवता येत नाही. पासवर्डही अशाच एका गणिती चरकातून जातो, त्याला हॅश म्हणतात, आणि नीट चालणारं दुकान फक्त रस ठेवतं. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात की तो पुन्हा चरकात जातो आणि दोन रस ताडून पाहिले जातात. म्हणजे तुमचा पासवर्ड काय आहे हे त्या दुकानालाही ठाऊक नसतं! हरवला तर ते परत देत नाहीत, नवा करायला लावतात, त्याचं कारण हेच.

पण खरं नवल मी पाहिलं ते किर्लोस्करवाडीच्या फलाटावर. पलूसला लागूनच हे स्टेशन आहे. एके काळी त्याला कुंडल रोड म्हणत, आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर कारखान्याचं गाव वसवलं. पुण्याच्या गाडीची वाट पाहत आम्ही बसलो होतो. भाच्यानं तोवर दुसऱ्या एका खात्याला सहा आकड्यांचं कुलूप लावलं होतं. दर तीस सेकंदांनी त्याच्या फोनवर नवे सहा आकडे उमटत.

मी म्हटलं, "हे आकडे कुठून येतात? नेट बंद कर बरं."

त्यानं फोन विमानाच्या मोडवर टाकला. सिग्नल गेला, नेट गेलं. आकडे मात्र बदलतच राहिले, आणि तेच आकडे माझ्या फोनवरून टाकले तर साता समुद्रापलीकडच्या यंत्रानं ते बरोबर म्हणून घेतले. दोन यंत्रं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत, तरी एकाच क्षणी त्यांच्या मनात तेच सहा आकडे!

याचं गूढ सोपं आहे, आणि सोपं असूनही माझा अचंबा ओसरत नाही. पहिल्या दिवशी पडद्यावर जो काळा-पांढरा चौकोन दिसतो आणि आपण फोननं टिपतो, त्यात एक गुप्त बीज असतं. ते बीज फोन आणि दुकान दोघांनी जपायचं. दुसरी गोष्ट दोघांकडे आपोआप असते: घड्याळ. संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेनं, सेकंद मोजत आले आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे, आपल्या वेळेनं ३ वाजून ४३ मिनिटांनी, ते सेकंद १७० कोटी झाले. त्याला तीसनं भागलं की ५ कोटी ६६ लाख ६६ हजार ६६६ वा तुकडा येतो. हा तुकड्याचा क्रमांक आणि ते बीज एकत्र चरकात घालायचं आणि जे बाहेर पडेल त्यातून सहा आकडे उचलायचे. इथंही तेच बीज, तिथंही तेच. वेळ इथंही तीच, तिथंही तीच. मग उत्तर वेगळं येईल कसं? ही सगळी रीत २०११ पासून जगाला उघडी लिहून ठेवलेली आहे, कुणीही वाचावी. लपवायचं ते फक्त बीज. घड्याळ थोडं मागंपुढं असेल म्हणून बरीच दुकानं शेजारचा तुकडाही मान्य करतात.

त्याच्याही पुढची पायरी १९८५ साली शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी मांडली: गुपित न उघडता ते आपल्यापाशी आहे हे पटवून देता येतं! ऐकायला अशक्य वाटतं. पण समजा, एक बागायतदार म्हणतो, "हे दोन बेदाणे वेगळ्या बागांतले आहेत, मला फरक दिसतो." मला दोन्ही सारखेच दिसतात. मी ते पाठीमागं नेतो, मनात येईल तर हातांची अदलाबदल करतो, मन नसेल तर नाही, आणि पुढं धरतो. तो सांगतो, "बदललेत." किंवा, "नाही बदलले." अंदाजानं एकदा जमेल. वीस वेळा ओळीनं अंदाजानं जमण्याची शक्यता १० लाख ४८ हजार ५७६ मध्ये एक. वीस वेळा तो बरोबर आला तर त्याला फरक दिसतो हे मला मानावंच लागेल, आणि तरीही तो फरक नेमका कशात आहे हे मला शेवटपर्यंत कळलेलं नसतं. त्याचं ज्ञान त्याच्यापाशीच राहिलं, माझी खात्री पटली.

आता ज्याला पासकी म्हणतात, तिचा बाणा असाच आहे. फोनमध्ये एक खासगी किल्ली, दुकानाकडे तिची जोडीदार उघडी किल्ली. दुकान दर वेळी नवा प्रश्न पाठवतं, फोन खासगी किल्लीनं त्यावर सही करतो. किल्ली दुकानाच्या हाती जात नाही, म्हणून दुकानावर दरोडा पडला तरी तिथं ती सापडत नाही. आपण फोनवर अंगठा टेकवतो तो फक्त ही किल्ली वापरायची परवानगी म्हणून. अंगठ्याचा ठसाही दुकानाला जात नाही. आणि या अंगठ्याची वाट आपल्याच देशातून निघाली. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. तिथं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणासाठी जे काम केलं, त्याचा फायदा पुढे जगभरच्या पोलिसांना झाला.

आता राहिला भाचा. गावात सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर आधी फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते. या दुकानानंही ईमेल बदलताना जुन्या ईमेलवर नोटीस धाडली होती. पण तो ईमेल शाळेतला, भाच्यानं तो वर्षानुवर्षं उघडलाच नव्हता. हरकतीची मुदत तिथंच निघून गेली. आणि इथं मालकी तरी कसली? बहुतेक ऑनलाइन दुकानं खेळ विकत नाहीत, वापरायचा परवाना देतात. शेतकऱ्याच्या भाषेत, जमीन त्यांची, वहिवाट आपली. वहिवाट सिद्ध करायची तर नोंद हवी.

नोंद सापडली माझ्या बहिणीच्या पत्र्याच्या पेटीत. खतांच्या पावत्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली भावजींचं जुनं पासबुक होतं. छपाई फिकट झालेली, पण एका ओळीत पहिल्या खरेदीची तारीख, रक्कम आणि दुकानाचं नाव ठळक होतं. त्या पानाचा फोटो गेला आणि तेविसाव्या दिवशी खातं परत आलं. सात वर्षांपूर्वी बँकेतल्या एका कर्मचाऱ्यानं ते पासबुक यंत्रात सरकवून छापून दिलं होतं. त्या छापलेल्या एका ओळीनं माझ्या भाच्याला ओळखलं.

तुमच्या घरातल्या पोरांची अशी खाती असतील. आज रात्री त्यांना बसवून तीन कामं करून घ्या. खात्यावर सहा आकड्यांचं कुलूप किंवा पासकी लावा. त्या वेळी हाती येणारे बचावाचे कोड कागदावर लिहा. पहिल्या खरेदीची पावती छापून घ्या. आणि हे सगळं सातबारा आणि पासबुक ठेवता त्याच पेटीत ठेवा, पुराचं पाणी चढणार नाही अशा उंचीवर.