इबिझाची संध्याकाळ, हणजूणची पहाट

स्पेनच्या पूर्वेस, भूमध्य समुद्रात, बॅलेआरिक नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील सुमारे ५७० चौरस किलोमीटरच्या इबिझा बेटावर १९८०च्या दशकात नृत्यसंगीताची एक रीत रुजली. तिलाच पुढे 'बॅलेआरिक' हे नाव मिळाले. ते कोणत्याही वाद्याचे किंवा तालाचे नाव नव्हे. ही मुख्यतः निवडीची रीत होय.

तिचा प्रवर्तक म्हणून आल्फ्रेदो फिओरितो याचे नाव घेतले जाते. हा मूळचा अर्जेंटिनाचा. १९७६ साली तेथे लष्करी राजवट आली, त्याच वर्षी तो इबिझास आला आणि १९८४ पासून 'अम्नेझिया' या नृत्यगृहात ध्वनिमुद्रिका वाजवू लागला. हे नृत्यगृह म्हणजे एका जुन्या शेतघराचे उघडे अंगण. वर छप्पर नसल्यामुळे रात्र सरून उजाडेपर्यंत आकाशाचे सारे रंग नाचणाऱ्यांना दिसत. अशा ठिकाणी एकाच वेगाचे संगीत फार काळ रुचत नाही. म्हणून आल्फ्रेदो रॉक, रेगे, इटालियन डिस्को, शिकागोचे नवे 'हाऊस' संगीत यांना एकापुढे एक गुंफीत असे. या पठडीत जी संथ अंगाची रचना मान्य पावली, तिची गती मिनिटाला शंभर-एकशेदहा ठोक्यांच्या आसपास असते. आपल्या परिभाषेत ही मध्य लय होय. ठोका बोथट, गिटारचे स्वर मोकळे, आणि सिंथेसायझरचा लांबवलेला स्वरसमूह तानपुऱ्यासारखा पाठीशी. या सर्वांमुळे उन्हात पहुडल्याचा भास निर्माण होतो. बर्लिनच्या मान्युएल ग्योट्शिंग याने डिसेंबर १९८१ मध्ये एका बैठकीत ध्वनिमुद्रित केलेली 'ई२-ई४' ही सुमारे तासाभराची रचना या पठडीत आदर्श मानली गेली.

बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८० साली 'काफे देल मार' हे उपाहारगृह सुरू झाले. तेथे होसे पादिया हा सूर्यास्ताच्या वेळी संगीत योजीत असे. सूर्य समुद्रात बुडत असता कोणती रचना वाजवावी, याचा विचार आपल्याकडील रागसमयाची आठवण करून देतो.

याच काळात गोव्याच्या बार्देस तालुक्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर दुसरी एक रीत आकार घेत होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे पाश्चात्त्य हिप्पी येऊ लागले होते. प्रारंभी गिटार आणि रॉक संगीत यांवर रात्री जात. १९८०च्या दशकात त्यांची जागा विद्युत-वाद्यांच्या संगीताने घेतली. ऊन, धूळ आणि दमट हवा यांत ध्वनिमुद्रिकांचा निभाव लागणे कठीण, म्हणून वादक कॅसेटी वापरीत. लोराँ नावाचा फ्रेंच वादक गाण्यातील शब्द गाळून केवळ वाद्यांचे भाग जोडीत असे. यातून १९९०च्या दशकात 'गोवा ट्रान्स' सिद्ध झाले. त्याची गती मिनिटाला सुमारे १४० ते १५० ठोके, म्हणजे बॅलेआरिकच्या मानाने बरीच द्रुत.

तरीही दोहोंचे नाते जवळचे आहे, कारण दोन्हीकडे संगीताची रचना सूर्याच्या गतीवर बेतलेली आहे. हणजूणचा किनारा पश्चिमाभिमुख. सूर्य समुद्रात मावळतो आणि माडांच्या मागून उगवतो. म्हणून मध्यरात्री गडद, कठोर वाटणारे संगीत पहाटेस मधुर होत जाई. अमेरिकेतून आलेला आणि 'गोवा गिल' म्हणून ओळखला जाणारा वादक या रात्रभराच्या क्रमाला आध्यात्मिक प्रवास मानीत असे. १९८७ साली इबिझाच्या संगीताने भारावून गेलेला लंडनचा पॉल ओकनफोल्ड याने डिसेंबर १९९४ मध्ये बीबीसीवरून गोव्याच्या नावाने दोन तासांची संगीतमालिका सादर केली, तेव्हा हे दोन किनारे एका धाग्यात आले.

मात्र या संगीतास गोव्याचे नाव मिळाले, तरी त्याचे नामवंत कर्ते बहुतेक परदेशी होते. गावकऱ्यांचा सहभाग निराळ्या प्रकारचा होता. गावातील स्त्रिया नाचाच्या जागेभोवती चटया अंथरून, कंदिलाच्या उजेडात रात्रभर चहा विकीत. ती रात्र त्यांची मिळकत होती. तीच रात्र शेजारच्या घरातील वृद्धाची आणि शाळकरी मुलाची झोप मोडीत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदिस्त जागा वगळता रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही या बंधनास दुजोरा दिला. इबिझातही आवाजाच्या तक्रारींमुळे १९९०च्या दशकात उघड्या नृत्यगृहांवर छपरे चढली.

ज्या आकाशाने या संगीतास त्याचा मोकळेपणा दिला, त्याच आकाशाखालून त्याला भिंतींच्या आत जावे लागले. याचा दोष केवळ कायद्याला देता येणार नाही. आकाश जसे नाचणाऱ्याचे, तसेच त्याखाली निजणाऱ्याचेही असते.