रुपया, राज्यकर्ते आणि १९९१ : काही रूढ समजुतींची तपासणी

दिल्लीतील सरकार डळमळू लागले की रुपयाचे मोलही उतरणार, ही समजूत आपल्या सुशिक्षित समाजात इतकी खोलवर रुजलेली आहे, की तिच्याकडे पुरावा मागण्याचे सहसा कोणास सुचत नाही. आणि मागितलाच, तर १९९१ सालाचा दाखला तत्काळ पुढे केला जातो. सव्वा वर्षाच्या अवधीत विश्वनाथ प्रताप सिंह आणि चंद्रशेखर यांची दोन सरकारे पायउतार झाली, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली, देशाचे सोने परक्या पेढीकडे गेले, आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. घटनांची ही ओळ एकापाठोपाठ एक वाचली, की पहिली ते कारण आणि शेवटची तो परिणाम, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काळाचा जमाखर्च बारकाईने पाहिला, तर असे दिसते, की राजकीय अनिश्चिततेने ते संकट निर्माण केले नाही. आलेल्या संकटावर इलाज करण्याचा अवधी आणि अधिकार मात्र तिने हिरावून घेतला. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच पुढचे सारे गैरसमज उद्भवले आहेत.

मुळात ते ऋण साचले केव्हा, हे पाहणे उद्बोधक आहे. १९८४च्या निवडणुकीत काँग्रेस पक्षाला लोकसभेत चारशेहून अधिक जागा मिळाल्या होत्या; एवढे भक्कम बहुमत स्वतंत्र भारतात त्यापूर्वी कोणास लाभले नव्हते आणि पुढेही लाभले नाही. त्या निर्वेध अमदानीतच केंद्र सरकारची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांपलीकडे गेली, आणि आयात-निर्यातीतील खिंडार बुजविण्यासाठी अल्प मुदतीची परकी कर्जे व अनिवासी भारतीयांच्या ठेवी यांवर भिस्त वाढत गेली. म्हणजे ज्या काळाला आपण राजकीय स्थैर्याचा आदर्श मानतो, त्याच काळात या अनर्थाची पायाभरणी झाली. त्यावर २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, खनिज तेलाचे भाव भडकले, आखातात राबणाऱ्या लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले, आणि त्यांच्या घामाच्या पैशाचा ओघही त्या प्रदेशातून थांबला. हे सारे घडले, तेव्हा दिल्लीत कोणतेही सरकार असते तरी कसोटीचाच प्रसंग होता.

अनिश्चिततेचा खरा उपद्रव येथून पुढे सुरू होतो. जानेवारी १९९१मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलरांचे साहाय्य मिळाले खरे. परंतु पुढील साहाय्यासाठी तूट कशी आटोक्यात आणणार, याचे अभिवचन देणारा अंदाजपत्रकरूपी दस्तऐवज समोर ठेवणे अत्यावश्यक होते. चंद्रशेखर यांचे सरकार ज्या काँग्रेस पक्षाच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते, त्या पक्षाने पूर्ण अंदाजपत्रकास अनुकूलता दर्शविली नाही. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांना ४ मार्च रोजी केवळ काही महिन्यांच्या खर्चाची मंजुरी मागणारा अंतरिम अर्थसंकल्प मांडावा लागला, आणि दोनच दिवसांनी, हरियाणाच्या दोन पोलिसांनी राजीव गांधींच्या निवासस्थानावर पाळत ठेवल्याच्या आरोपाचे निमित्त होऊन, पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ज्या मार्चमध्ये तातडीचा निर्णय हवा होता, त्या मार्चपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत देशाचा कारभार काळजीवाहू सरकारकडे राहिला. त्याला कर्ज मागता येत होते, परंतु ते कसे फेडले जाईल याची हमी देता येत नव्हती. मेमध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतर मतदानाचे उरलेले टप्पे जूनच्या मध्यापर्यंत लांबले. सावकार कोणत्याही देशाचा असो, तो ऋणकोच्या गरिबीस जितका भितो त्याहून अधिक त्याच्या घरात शब्द देणारा कोणी उरला नाही, या गोष्टीस भितो.

रुपया बाजारात कोसळला, ही दुसरी समजूत तर सर्वस्वी निराधार आहे. त्या काळी रुपयाचा विनिमयदर बाजारात ठरतच नव्हता. १९७५पासून तो निवडक परकी चलनांच्या समूहाशी निगडित असून रिझर्व्ह बँक तो जाहीर करीत असे. अशा व्यवस्थेत अविश्वासाचा भार दरावर पडत नाही, परकी चलनाच्या गंगाजळीवर पडतो, आणि तो कसा पडतो हे एका व्यापाऱ्याच्या वहीत डोकावले असता स्पष्ट होते. समजा, इचलकरंजीच्या एका कापड-निर्यातदाराचे हँबुर्गच्या पेढीकडून दहा हजार डॉलर येणे आहे. डॉलरचा भाव एकवीस रुपयांच्या आसपास असताना ती रक्कम दोन लाख दहा हजार होते. उद्या अवमूल्यन होऊन भाव सव्वीसवर गेला, तर तीच दोन लाख साठ हजार होईल. सरकार टिकणार नाही, नवे येईल ते रुपयाचा दर उतरविल्यावाचून राहणार नाही, अशी कुजबूज पेठेत ऐकल्यावर तो गृहस्थ आपल्या ग्राहकास लिहितो, की पैसे पाठविण्याची घाई करू नये. वसुलीसाठी कायद्याने दिलेली सहा महिन्यांची मुदत त्याच्या हाताशी असतेच. त्याच आठवड्यात मस्जिद बंदरचा आयातदार, ज्याला ऑगस्टमध्ये पैसे भरावयाचे आहेत, तो ते मेमध्येच भरून मोकळा होतो. दोघांनीही कायदा मोडलेला नाही, दोघांचाही देशद्रोहाशी संबंध नाही. परंतु अशा सहस्रावधी वह्या एकत्र केल्या, की यावयाचे डॉलर बाहेर थांबतात आणि जावयाचे डॉलर मुदतीपूर्वीच निघून जातात. बँकेच्या फलकावरील दर तोच राहतो, तिजोरी मात्र रिती होते. १९९१च्या जून-जुलैत परकी चलनाची शिल्लक सुमारे शंभर कोटी डॉलरांवर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती, उतरली ती काही अंशी याच मार्गाने.

यातूनच तिसऱ्या समजुतीचा उलगडा होतो. अशा प्रसंगी परकी सटोडियांच्या कारस्थानाकडे बोट दाखविण्याची आपल्याला सवय आहे. परंतु त्या वेळी भारताच्या शेअरबाजारात परदेशी गुंतवणूकसंस्थांना थेट प्रवेशच नव्हता. तो सप्टेंबर १९९२मध्ये मिळाला. पैसा काढून नेला तो प्रामुख्याने आपल्याच लोकांनी. अनिवासी भारतीयांच्या परकी चलनातील ठेवींना ऑक्टोबर १९९०पासून गळती लागली, आणि एप्रिल ते जून १९९१ या तिमाहीत सुमारे ९५ कोटी डॉलर निव्वळ बाहेर गेले. त्या ठेवीदारांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. परमुलखात कष्टाने साठविलेली पुंजी बुडेल की काय, या भयाने ती हलविणे हा संसारी माणसाचा धर्मच आहे. दोष द्यावयाचा तर तो अशी चंचल ठेव दीर्घकालीन गरजांसाठी वापरणाऱ्या धोरणास द्यावा लागेल.

सोन्याविषयीचा समज भावनेशी निगडित असल्याने त्याला धक्का लावताना मन कचरते, कारण ज्या समाजात घरातील दागिना सावकाराकडे जाणे ही मानहानीची परिसीमा मानली जाते, तेथे देशाचे सोने परक्या पेढीकडे गेल्याची वार्ता किती जिव्हारी लागली असेल, याची कल्पना करता येते. तरीही वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत जे वीस टन सोने स्वित्झर्लंडच्या एका पेढीस देण्यात आले, ते तस्करांकडून जप्त झालेले सरकारी सोने होते, आणि ते परत विकत घेण्याचा हक्क राखून ठेवण्यात आला होता. जुलैत रिझर्व्ह बँकेने मुंबईहून सुमारे ४७ टन सोने विमानांनी बँक ऑफ इंग्लंडकडे पाठविले, ते तारण म्हणून. त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे राहिले. तारण ठेवलेले सोने रिझर्व्ह बँकेच्या एकूण सुवर्णसाठ्याचा सुमारे सातवा हिस्सा होते. वर्ष संपण्यापूर्वी ते कर्ज फिटले आणि सोन्यावरील मालकी अबाधित राहिली. वचन मोडून दिवाळे जाहीर करण्यापेक्षा तारण ठेवून शब्द पाळणे अधिक प्रतिष्ठेचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या अप्रिय मार्गाची मे महिन्यातील सुरुवात काळजीवाहू सरकारने आपल्या नावावर घेतली, ही गोष्ट त्याच्या श्रेयात जमा केली पाहिजे.

आता अवमूल्यनाकडे वळू. २१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले, मनमोहन सिंग यांच्याकडे अर्थखाते आले, आणि १ व ३ जुलै रोजी मिळून रुपयाचे मोल डॉलरच्या तुलनेत सुमारे अठरा-एकोणीस टक्क्यांनी उतरविण्यात आले. पहिल्या टप्प्यानंतर उठलेल्या राजकीय गदारोळामुळे पंतप्रधानांनी दुसरा टप्पा थांबविण्यास सांगितले, परंतु अर्थमंत्र्यांचा निरोप रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर रंगराजन यांच्याकडे पोहोचला तेव्हा निर्णयाची अंमलबजावणी होऊन गेली होती, अशी हकीकत संबंधितांनी पुढे सांगितली आहे. टीकाकारांनी या निर्णयास राष्ट्राचा मानभंग म्हटले. या टीकेच्या मुळाशी आणखी एक लोकप्रिय कथा आहे, ती अशी, की १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता आणि नादान राज्यकर्त्यांनी तो धुळीस मिळविला. ही कथा साफ खोटी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी रुपया पौंडाशी एक शिलिंग सहा पेन्स या दराने बांधलेला होता, म्हणजे पौंडास तेरा रुपये पाच आणे चार पै. आणि पौंड चार डॉलरांहून किंचित अधिक होता. साधे त्रैराशिक मांडले, तर डॉलरचा भाव सुमारे तीन रुपये पाच आणे येतो. सप्टेंबर १९४९मध्ये ब्रिटनने पौंडाचे मोल उतरविले, त्याबरोबर रुपयाही उतरून डॉलर चार रुपये शहात्तर पैशांच्या भावाचा झाला. त्या वेळी नेहरूंचे सरकार डळमळीत नव्हते.

विनिमयदर ही राष्ट्राच्या अब्रूची पताका मानण्याऐवजी त्याच्यामागे कोणता नियम आहे, हे विचारावे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथात धरला होता. चलननिर्मिती सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, तिच्यावर निश्चित मर्यादा असावी, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. आणि राजकीय अनिश्चितता चलनास का बाधते, याचे त्याहून नेमके निदान मला अन्यत्र आढळलेले नाही. सत्तेवर कोण येणार, हे अज्ञात असणे लोकशाहीत अपरिहार्यच आहे. जो येईल त्याच्या हातांना कोणती बंधने असतील, हेही जेव्हा अज्ञात होते, तेव्हा पैसा पळू लागतो.

म्हणूनच बहुमत म्हणजे स्थैर्य, हे समीकरणही टिकत नाही. नरसिंह रावांचे सरकार सत्तेवर आले तेव्हा अल्पमतात होते. तरी २४ जुलैचे अंदाजपत्रक आणि त्याच दिवशी जाहीर झालेले नवे औद्योगिक धोरण त्याच सरकारचे. उलट, सप्टेंबर २०२२मध्ये ब्रिटनच्या लिझ ट्रस यांच्या सरकारला संसदेत भरभक्कम बहुमत असताना, महसुलाची तजवीज न सांगता करकपात जाहीर होताच पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातील नीचांकावर गेला आणि बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे खरेदी करण्यास धावावे लागले. बेल्जियममध्ये २०१०-११ साली ५४१ दिवस पूर्णाधिकारी सरकार नव्हते; चलन युरो असल्याने त्याचा दर त्या देशासाठी हलला नाही, आणि अर्थव्यवस्थाही वाढत राहिली, परंतु अखेरीस सरकारी रोख्यांवरील व्याज चढू लागले, पत घटविली गेली, आणि मगच पक्षांनी घाईघाईने अंदाजपत्रकावर एकमत केले. आपल्याकडे १९९६ ते १९९८ या काळात वाजपेयी, देवेगौडा, गुजराल आणि पुन्हा वाजपेयी असे पंतप्रधान पालटले, पूर्व आशियातील चलने त्याच सुमारास गडगडली, तरी १९९१ची पुनरावृत्ती झाली नाही. कारण गंगाजळी तोवर कितीतरी पटींनी वाढली होती आणि अल्प मुदतीच्या कर्जांना लगाम बसला होता. कणगी भरलेली असली, म्हणजे मृग कोरडा गेला तरी शेतकरी बियाणे दळून खात नाही.

नवे सरकार आले आणि लगोलग सारे सुरळीत झाले, असे मानणाऱ्यांना त्या वर्षाची किंमत कोणी मोजली, याचे विस्मरण झालेले दिसते. डॉलर वाचविण्यासाठी काही आयातींवर दोनशे टक्क्यांपर्यंत रोख अनामत भरण्याची सक्ती होती. कच्चा माल व सुटे भाग अडल्याने कारखान्यांचे उत्पादन खुंटले. १९९१-९२ साली राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ पाच टक्क्यांवरून एक-दीड टक्क्यावर आली. आणि ऑगस्टमध्ये महागाईचा दर सतरा टक्क्यांच्या घरात गेला. ज्याच्याजवळ ना डॉलर होते, ना सोने, ना परदेशातील ठेव, त्या हातावर पोट असलेल्या मजुरास ही अनिश्चितता सर्वांत महाग पडली, आणि तिच्या चर्चेत त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो, याची खंत वाटते.

मार्च १९९३पासून रुपयाचा दर बाजारावर सोपविण्यात आला, आणि त्यामुळे एक नवाच भ्रम रूढ झाला आहे: निवडणुकीच्या निकालानंतर रुपया काही पैशांनी उतरला, की लोक संकटाची चाहूल लागल्यासारखे बोलू लागतात. पूर्वी जो धक्का गंगाजळी मुकाट्याने सोसत असे आणि ज्याची वार्ता जनतेस फार उशिरा लागे, त्याचा काही अंश आता दर उघडपणे सोसतो, आणि रोजच्या वृत्तपत्रात तो सर्वांस वाचता येतो, एवढाच याचा अर्थ. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल अपेक्षेहून भिन्न लागले, तेव्हा मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक जवळजवळ सहा टक्क्यांनी कोसळला; त्याच दिवशी रुपया मात्र डॉलरमागे चाळीस पैशांच्या आसपासच उतरला, आणि रिझर्व्ह बँकेजवळची परकी चलनाची गंगाजळी त्या सुमारास ६४० अब्ज डॉलरांहून अधिक होती.