संगणक-जाळ्याची नाडीपरीक्षा

रुग्णाची नाडी, श्वास व रक्तदाब यांची ठरावीक वेळाने नोंद घेतली जाते, हे आपणांस विदित आहेच. रुग्णालयाच्या संगणक-जाळ्याचीही तशीच नोंद ठेवावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये बुलडाण्यासह उर्वरित जिल्ह्यांत आली. तिच्यातील नियोजित शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी इंटरनेटवरून मागवावी लागते. जाळे बंद पडल्यास सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर वा जळगाव जामोदहून आलेले कुटुंब, सर्व कागदपत्रे जवळ असूनही, खिडकीपाशी ताटकळत राहते.

ही देखरेख होते कशी? एक संगणक दुसऱ्याला ठरावीक अंतराने लहानशी साद घालतो. उत्तर आले, तर यंत्र जागे आहे असे समजावे. अमेरिकेतील माइक मूस यांनी यासाठी १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ हा प्रोग्राम आजही वापरात आहे. परंतु यंत्र जागे असणे म्हणजे सेवा मिळणे नव्हे. नाडी लागते एवढ्यावरून रुग्ण शुद्धीवर आहे, असे वैद्य मानीत नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-प्रणालीत सदोष बदल झाल्याने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. इंग्लंडमधील अनेक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. इंटरनेटच्या वाहिन्या मात्र शाबूत होत्या. म्हणून खरी तपासणी खिडकीवरील कर्मचाऱ्याप्रमाणे व्हावी: पान उघडते का, नोंद जतन होते का. शिवाय बिघाडाची सूचना मोबाइलच्या लघुसंदेशाने जावी. बंद पडलेल्या जाळ्यावरून ती पोहोचणार नाही.

‘९९ टक्के उपलब्धता’ हा आकडा दिलासा देणारा वाटतो. पण त्यात वर्षाकाठी ८७ तासांहून अधिक खंड सामावतो. ९९.९ टक्क्यांत तो पावणेनऊ तासांवर येतो.

देखरेखीने बिघाड टळत नाही, तो वेळीच कळतो. पुढचा आधार दुसरी वाहिनी, बॅटरी व कागदी नोंदवही यांचाच असतो. दात्यांनी व विश्वस्तांनी यंत्रासोबत या तिन्हींचाही विचार करावा, ही विनंती. नातेवाइकांनीही ध्यानात ठेवावे, की तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय या योजनेत आहे. जाळे बंद असल्याचे सांगण्यात आल्यास आरोग्यमित्रांकडे तिची आवर्जून चौकशी करावी.