पोटाच्या तक्रारी – भाग ५ : एक पाकीट, एक लिटर पाणी

पावसाळा लागला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक संवाद हमखास ऐकू येतो. “ओआरएस दिलं का?” “दिलं ना डॉक्टर, पण जुलाब काही थांबले नाहीत. सलाईन लावता का?”

आईचं म्हणणं चूक नसतं. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. त्याचं ते कामच नाही. मात्र पाकीट हातात देताना हे कुणी धड सांगत नाही. मग दोन वाट्या पाजून गुण आला नाही म्हणून ते फडताळात जाऊन पडतं आणि दुकानातून ‘जुलाब बंद करायची’ गोळी येते.

निरोगी प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात दिवसाकाठी आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. खाण्यापिण्यातून आलेला भाग त्यात जेमतेम दोन लिटरांचा. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याने स्वतः सोडलेलं पाणी. त्यातलं बहुतेक सगळं आतडं परत शोषून घेतं, शौचावाटे जातं ते शंभर-दोनशे मिलिलिटर. रोटाव्हायरस किंवा पटकीचे जंतू हा जमाखर्च बिघडवतात. पाणी जातं, त्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही जातं. जुलाबाने बाळ दगावतं ते बहुतेक वेळा या तुटीमुळे. म्हणून शी किती वेळा झाली यापेक्षा गेलेलं पाणी भरून निघालं का, हा प्रश्न मोठा.

नुसतं साधं पाणी पाजून ही तूट का भरत नाही? आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत ही कल्पना मांडली. पटकीचं विष आतड्यातून पाणी बाहेर लोटत असतं तेव्हाही ही वाट चालू राहते. ओआरएसचा सगळा डोलारा या एका वाटेवर उभा आहे.

त्याची खरी परीक्षा झाली ती आपल्या शेजारच्याच एका युद्धात. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेलगतच्या बनगाव इथे पटकी फोफावली. इस्पितळ इवलंसं, रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने पाजायच्या पाण्यावर भिस्त ठेवायचं ठरवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. पुड्या कलकत्त्यात बांधल्या जात, द्रावण पिंपांत कालवलं जाई आणि रुग्णाला पाजायचं काम आई, भाऊ, नवरा अशी घरचीच माणसं करत. त्याआधी तिथे शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत होते; त्यांच्या उपचारांखाली हे प्रमाण चारच्याही खाली आलं. ‘लॅन्सेट’ने १९७८ मध्ये या उपायाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये. उशीर व्हायचा तो झालाच.

पिंपातल्या द्रावणाची गोष्ट घरच्या ओट्यावर आली की मात्र बिघडते. मोठं पाकीट असतं एक लिटर पाण्यासाठी. पण घरी त्यातली चिमूटभर पूड पेल्यात टाकायची, उरलेलं पाकीट रबर लावून ठेवायचं, असा प्रकार सर्रास चालतो. घट्ट झालं तर मिठाचं प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो, पातळ झालं तर उपयोग नाही. पेल्याचा अंदाज सोडावा. बाजारातली पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन माप म्हणून वापरावी, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकदम विरघळवावं, चव लागत नाही म्हणून वरून साखर घालू नये. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यावं. दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, लहान बाळाच्या घरी तीच सोयीची. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाटच, शिगोशीग नव्हे.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचं. बाटलीने घटाघट पाजलं की उलटी ठरलेलीच.

दुकानातल्या फळीवर आणखी एक घोळ होता. ओआरएसशी मिळतंजुळतं नाव लावलेली, भरपूर साखरेची गोड पेयं आजारी मुलांसाठी बिनदिक्कत विकली जात. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला मनाई केली. तरीही खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. त्याहून भलतंच गोड काही असेल तर ते सरबत समजावं.

सोबत झिंकची गोळी चौदा दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले तरी ती मध्येच सोडायची नाही. अंगावरचं दूध, पेज, वरणभात, ताक चालू ठेवावं. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून लेकराला उपाशी ठेवणं हा जुना आणि घातक रिवाज. ‘दात येताहेत, व्हायचेच’ असं म्हणून सोडून देणंही त्यातलंच. आतड्याची हालचाल रोखणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत. अँटिबायोटिक बहुतेक जुलाबांत लागतच नाही, ते लागतं का हे डॉक्टरांना ठरवू द्यावं.

मूल पेंगुळलं, पीत नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, सहा तासांत लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसते, शीतून रक्त पडतं किंवा शी तांदळाच्या धुवणासारखी होते. यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. दवाखान्याच्या वाटेवरही चमच्याने ओआरएस पाजत राहावं.

पुढच्या आठवड्यात : आंव, अमिबा आणि वर्षानुवर्षं पुरवली जाणारी ‘जंतांची गोळी’.