वाढत्या अंगाचा पंख

आमच्या लहानपणी शिंप्याला माप देताना वडील एक वाक्य न चुकता बोलत, ‘‘जरा वाढत्या अंगाचं शिवा हो!’’ त्या एका वाक्यापायी पाचवीत शिवलेला सदरा दोन वर्षे अंगावर झुलत राही, आणि तो नेमका मापाचा होई तेव्हा त्याची कोपरे विरलेली असत. तरीही या तत्त्वावरची माझी श्रद्धा कधी ढळली नाही. कपडा असो, चप्पल असो की घरातला कुकर असो, पैसे द्यायचेच तर एक नंबर मोठा घ्यावा, हे मध्यमवर्गीय शहाणपण मी चाळिशी उलटेपर्यंत इमानाने सांभाळले. २०२५ च्या जानेवारीत ते मी कामशेतला घेऊन गेलो, आणि तिथे ते मला जन्मभर पुरेल असे महाग पडता पडता राहिले.

त्याचे असे झाले. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या भाचीने पॅराग्लायडिंगचे शिक्षण घेतले. शिकवणाऱ्यांच्या पंखावर तिची उड्डाणे झाली आणि आता तिला स्वतःचा पंख हवा होता. नवा पंख काही लाखांच्या घरात जातो. तेवढ्यात कुणी एक गृहस्थ आपला जुना पंख निम्म्याहून कमी किमतीत विकताहेत असे कळले. ताईचा मला फोन आला, ‘‘तू जा तिच्याबरोबर. तुला त्यातलं काही कळत नाही, ते मला ठाऊक आहे. पण तू शंका फार काढतोस. त्याचा उपयोग होईल.’’

कामशेत हे पुणे-लोणावळा लोकलच्या वाटेवरचे गाव. जवळच पवनेचा जलाशय, भोवती सह्याद्रीच्या उतरत्या सोंडा. पावसाळा सरला की या डोंगरांवर रंगीबेरंगी पंख दिसू लागतात. मी प्रथमच तो देखावा पाहत होतो. डोंगराच्या कडेवरून माणूस चार पावले धावतो आणि पाचवे पाऊल हवेत पडते! पाहणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो.

हा खेळ जन्मला तोही काटकसरीतून, हे कळल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला. अमेरिकेत डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात कापडी कप्प्यांची, वाऱ्याने फुगणारी नवी छत्री तयार केली. पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियूसी या डोंगरी गावी काही छत्रीधारकांनी विचार केला, की नेमक्या जागी उतरण्याचा सराव करायला दर वेळी विमानाचे भाडे का भरावे? ते डोंगराच्या उतारावरून छत्रीसकट धावत सुटले आणि तरंगत खोऱ्यात उतरले. मी भाचीला म्हटले, ‘‘बघ, विमानाचं भाडं वाचवायला निघालेली ही माणसं. स्वस्तातला पंख घेणं हे परंपरेला धरूनच आहे!’’

विकणाऱ्या गृहस्थांनी पंख हिरवळीवर पसरला. मला तर तो अंगणात वाळत घातलेल्या शामियान्यासारखा वाटला. त्यावरच्या पट्टीवर मजकूर होता : क्षेत्रफळ २८ चौरस मीटर, वजन ८५ ते १०५ किलो. कापड सुस्थितीत, दोऱ्या नुकत्याच तपासलेल्या. भाचीचे वजन ५४ किलो. मी मनात हिशेब केला : १०५ किलोच्या माणसाला पेलणारा पंख ५४ किलोच्या मुलीला तर फुलासारखा उचलील. वर वजन वाढले तरी चिंता नाही. पंखही वाढत्या अंगाचाच!

भाचीचे शिक्षक शेजारी उभे होते. माझे हे गणित ऐकून ते हसले नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा. त्यांनी आधी एक लटकता काटा आणवला. भाचीची बैठक म्हणजे हार्नेस, राखीव छत्री, हेल्मेट, बूट, जाड कपडे, पाण्याची बाटली आणि शिकताना वापरलेला पंख, सगळे एकेक करून तोलले. ते भरले १६ किलो. ‘‘सर, पट्टीवरचं वजन माणसाचं नसतं,’’ ते म्हणाले. ‘‘हवेत जे जे जातं त्या सगळ्याचं असतं, पंखाचं स्वतःचंसुद्धा. हिचं झालं ७० किलो. म्हणजे या पंखाला जे कमीत कमी हवं, त्याहूनही १५ किलो कमी.’’

मी म्हटले, ‘‘कमीच आहे ना? जास्त असतं तर भीती.’’

तेव्हा त्यांनी जे समजावले ते मी इथे माझ्या भाषेत सांगतो. या पंखाला ताठ सांगाडा नाही. पुढच्या कडेला तोंडे उघडी असलेले कापडाचे कप्पे, एवढाच तो पंख. पुढे सरकताना त्या तोंडांतून हवा आत शिरते आणि तिच्या दाबाने कापड ताठ राहते. आणि पंख पुढे सरकतो तो कशाने? खाली लोंबणाऱ्या वजनाने. तेच वजन दोऱ्याही ताणून धरते. आपण समजतो, माणूस हे पंखावरचे ओझे. वस्तुतः माणूस हा पंखाचाच एक भाग आहे. पतंगाला जशी कणी, तसे या पंखाला वजन. ते बेताचे नसेल तर उत्तम कागदाचा पतंगही गोते खातो.

माझी शंकेखोर बुद्धी अजून थकली नव्हती. मी सुचवले, ‘‘मग १५ लिटर पाणी घेईल की बरोबर!’’ शिक्षक म्हणाले, ‘‘दोनचार लिटर घेणारे असतात. पण सर, उड्डाण पायांवर सुरू होतं आणि पायांवरच संपतं. ५४ किलोच्या मुलीनं ३१ किलो अंगावर घेऊन उतारावर धावायचं का?’’

यावर मी गप्प बसायला हवे होते. पण समोर एवढा सौदा! मी आग्रह धरला, निदान जमिनीवर उभा करून तरी पाहू द्या. शिक्षक नाखुशीने तयार झाले. वारा बेताचा होता. भाचीने पंखाकडे तोंड करून दोऱ्या ओढल्या, आणि तो २८ चौरस मीटरचा शामियाना डौलाने डोक्यावर येऊन उभा राहिला. मी टाळी वाजवायला हात उचलले, तोच वाऱ्याची एक झुळूक आली. आम्हांला तिने फक्त गारवा दिला. भाचीला मात्र तिने जमिनीवरून उचलले, आपटले आणि पाठीवर फरफटत नेले. ‘‘ब्रेक! एकच ब्रेक ओढ!’’ असे ओरडत शिक्षक धावले आणि त्यांनी पंखाचे टोक पकडून तो पाडला. दहा-बारा पावलांचे अंतर असेल. कोपर सोलवटले, पँट गुडघ्यावर फाटली. बाकी काही नाही. मी हातात चहाचा थर्मास घेऊन उभा होतो. त्या क्षणी मला ताईचा चेहरा दिसला.

भाचीच उठून मला म्हणाली, ‘‘मामा, मला काही झालेलं नाही. तू बस बघू आधी.’’

नंतर सावलीत बसून शिक्षकांनी कागदावर गणित मांडले. पंखाचा वेग दर चौरस मीटरवर किती वजन आहे त्याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. या पंखावर मधले म्हणजे ९५ किलो वजन असेल तर दर चौरस मीटरला सुमारे ३.४ किलो भार पडतो. ब्रेक न ओढता त्याचा स्वाभाविक वेग ताशी ३७ किलोमीटर धरू. त्यावर ७० किलो लटकले की भार अडीच किलोवर येतो आणि वेग ताशी ३२ च्या आसपास. पाच किलोमीटरचा फरक तो काय, असे वाटेल. पण डोंगराच्या कडेवर समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर पहिला पंख ताशी सात किलोमीटरने पुढे जाईल, दुसरा जवळजवळ जागच्या जागी थांबेल. आणि वारा थोडा वाढला की मागे, डोंगरापलीकडे ढकलला जाईल. तिथे वारा कड्यावरून कोसळून भोवऱ्यासारखा फिरत असतो. तिथे पंखाला काय होईल ते सांगायची गरज नव्हती. सोललेले कोपर समोर होते.

हलक्या भाराचे काही गुण आहेत, ते मान्य केले पाहिजेत. असा पंख सावकाश खाली येतो आणि मंद हवेत जास्त वेळ तरंगतो. पण तो वळायला आळशी असतो आणि आतला दाब कमी असल्याने खवळलेल्या हवेत लवकर मिटतो. उलट मापाहून लहान पंख घेतला तर उडतानाचा आणि उतरतानाचा वेग वाढतो, वळण झटक्याने येते. एखादी बाजू मिटली तर पंख अशी गिरकी घेतो, की नवशिक्याला विचार करायला सवड मिळत नाही. काही धाडसी तरुण वेगाच्या हौसेने ही चूक करतात. माझी चूक काटकसरीची, त्यांची ऐटीची, एवढाच फरक.

युरोपीय प्रमाणपत्रात पंखांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी असतात. ए हा सर्वांत सौम्य. ही श्रेणी ठरवण्यासाठी पंख पट्टीवरच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त, अशा दोन्ही वजनांवर उडवून पाहतात. त्या दोन आकड्यांच्या बाहेर गेले की ए या अक्षराला काही अर्थ उरत नाही. नुसत्या चौरस मीटरवरही जाऊ नये. कुणी पंख सपाट पसरून क्षेत्रफळ सांगतो, कुणी हवेत कमानीसारखा वाकल्यावर पडणाऱ्या सावलीचे सांगतो. आणि एका कारखान्याचा मध्यम तो दुसऱ्याचा मोठा. म्हणून आधी वजनाची मर्यादा पाहावी. नवशिक्याने आपले सगळ्यासकटचे वजन त्या मर्यादेच्या मध्याजवळ येईल असा पंख निवडावा, असे शिक्षकांचे मत पडले.

पाठीवर इंजिन बांधून उडणाऱ्यांचा, म्हणजे पॅरामोटरवाल्यांचा हिशेब वेगळा. इंजिनाचेच वीस-पंचवीस किंवा अधिक किलो होतात. त्यात दहा लिटर पेट्रोलचे साडेसात किलो, आणि तेही उडता उडता कमी होत जाणारे. म्हणून अनेक पंखांवर इंजिनासाठी निराळी मर्यादा दिलेली असते. डोंगरावरून उडण्याचा पंख तसाच इंजिनाला जोडणे म्हणजे पुन्हा अंदाजावर जाणे.

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. लोकलमध्ये मी भाचीला विचारले, ‘‘तुला आधीपासून शंका होती ना?’’ ती म्हणाली, ‘‘होती. पण तू इतक्या खात्रीनं बोलत होतास, आणि पैसेही वाचत होते.’’ हे वाक्य मला त्या फरफटीपेक्षा जास्त लागले. वर्गात मी मुलांना ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण शिकवतो. इथे उलटे होते. पाय आधी प्रामाणिकपणे मोजायचे आणि मग अंथरूण घ्यायचे. ते स्वस्तात मिळते म्हणून पाय लांब असल्याचे सोंग आणायचे नाही.

चार महिने तिने पैसे साठवले आणि ६५ ते ८५ किलोंचा, २४ चौरस मीटरचा नवा पंख घेतला. ताईने फोनवर विचारले, ‘‘केवढा घेतलात रे?’’ मी म्हटले, ‘‘तिच्या मापाचा.’’ ताई क्षणभर थांबली. ‘‘म्हणजे जरा मोठा ना?’’

एकाच घरात वाढलो आम्ही! तिला काटा, वर्गमूळ आणि कमान सगळे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. कोपराची गोष्ट मात्र मी तेव्हा गाळली. ती ताई इथेच प्रथम वाचील. आता दिवाळीसाठी धाकट्याला सदरा शिवायचा आहे. सदऱ्याच्या बाबतीत माझे मत अजून बदललेले नाही.